नांगर कुठे टाकायचा? मांडवा ते मालवण, मुक्काम होडीवरच

भटक्या_शिडवाला:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या आधी एक सेकंडहँड शिडाची होडी घेतली. २६ फुटी, फायबरची, आत चार माणसं दाटीवाटीने झोपतील एवढी केबिन, मागे लटकवलेलं छोटं इंजिन, आणि खाली कील (तळाचा पाण्यात उतरलेला कणा) १.३ मीटर. सध्या मांडव्याच्या बाजूला उभी असते. तीन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या ओळखीने फुकेतला आठ दिवस बोट भाड्याने घेऊन फिरलो होतो. रोज दुपारी नवीन बेट, बेटामागे नांगर, पाण्यात उडी, रात्री डेकवर जेवण आणि चांदणं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे आपल्याकडे का नाही? खांदेरी आहे, कासा आहे, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, खाली वेंगुर्ल्याचे खडक. जानेवारीत निघायचं ठरवतोय, मी, बायको आणि एक मित्र. दिवसाउजेडी पंचवीस-तीस सागरी मैल, रात्री नांगर टाकून झोप. प्रश्न एवढाच, नांगर कुठे टाकायचा? आणि हे जमलं तर पुढल्या वर्षी लक्षद्वीप.

नांगरट:
धाग्याचं नाव बघून शेतीचा धागा समजून आलो. औत ठेवायला जागा पाहिजे असेल तर आमचा गोठा मोकळा आहे, पण लांजा पडतं, समुद्र नाही.

चहा_कमी_साखर:
बायको तयार आहे हे लेखी घेतलंय का?

भटक्या_शिडवाला:
@चहा: तोंडी आहे. अटी लागू.

निवृत्त_डेक_ऑफिसर:
आधी एक गैरसमज काढतो, कारण हा गैरसमज परदेशात बोट भाड्याने घेऊन आलेल्या प्रत्येकाचा असतो.

फुकेतला तुम्ही गेलात तो नक्की थंडीचा सीझन असणार. तेव्हा तिकडे वारा ईशान्येचा, दिवसरात्र साधारण एकाच बाजूने. बेटं चुनखडीची, सरळ उभी, उंच. मग काय, बेटाच्या नैऋत्येला जायचं, आडोसा आयता. कॅरिबियनमध्ये पण तेच, व्यापारी वारे पूर्वेकडून, म्हणून तिकडचे सगळे नामांकित मुक्काम बेटांच्या पश्चिम अंगाला. आपल्याकडे थंडीत वारा दिवसातून दोनदा तोंड फिरवतो. रात्री उशिरा मतलई सुरू होतो, जमिनीवरून, तो सकाळी दहा-अकरापर्यंत. मग तासभर शिड लुळं पडतं. दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो आणि अंधार पडून गेला तरी वाहत असतो. संध्याकाळी जो आडोसा वाटतो तो पहाटे आडोसा राहत नाही. त्यात आपली बेटं केवढी? सुवर्णदुर्ग म्हणजे तटबंदीच, तट पाण्यातूनच वर आलेला आणि पायथ्याशी खडप, म्हणजे पाण्यातले खडक. बेटामागे लपायला बेट तर पाहिजे ना.

आपल्याकडे आडोसा बेटामागे नाही, खाडीत आहे. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. पण प्रत्येक खाडीच्या तोंडाशी कमीजास्त वाळूचा दांडा असतो, तो पावसाळ्यात सरकतो, गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही. १.३ मीटर कील घेऊन ओहोटीत आत शिरायच्या भानगडीत पडू नका. चढत्या पाण्यात शिरा, म्हणजे टेकलात तरी अर्ध्या तासात भरती उचलून देते. उतरत्या पाण्यात टेकलात तर सहा-सात तास तिरके बसा आणि किनाऱ्यावरच्या पोरांच्या मोबाइलमध्ये रील बना.

ता.क. कासा दोन आहेत हो. मुरुडसमोरचा कासा म्हणजे पद्मदुर्ग. आणि काशाचा खडक रेवसच्या वाटेवर, जिथे १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. नकाशावर बोट ठेवताना गल्लत करू नका.

वेसावची_पोरगी:
काकांनी वाऱ्याचं बरोबर सांगितलं, जाळ्याचं कोणीच सांगितलं नाही. आमच्या घरी तीन पिढ्या डोल. डोलीचं जाळं खुंटांना बांधलेलं असतं, वर फक्त पिंप नायतर थर्माकोल तरंगतो, प्रवाह जोरात असला की तो पण अर्धा पाण्याखाली जातो. दुसरी वाहती जाळी, ती रात्री सोडतात, मैलभर लांब असतात, टोकाला एक लुकलुकता दिवा. तुम्हाला वाटेल समोर होडी आहे, दोघांच्या मधून जाऊ. मधूनच जाऊ नका, तिथेच तर जाळं आहे!! शीड असेल तर एक वेळ घसरून जाल, पण इंजिनचा पंखा चालू असला की गुंडाळलंच. मग तुम्ही पण अडकले आणि आमचं पन्नास हजाराचं जाळं पण.

म्हणून रात्री चालायचंच नाही हे तुम्ही ठरवलंत ते शाणपणाचं आहे. आणि नांगर टाकायच्या आधी जवळच्या होडीतल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, हाक मारून विचारा. त्यांना खाली काय आहे ते तोंडपाठ असतं.

कोकणकन्या_वेटिंग_४२:
सगळं ठीक आहे पण हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का? इथे गावात जेटीवर गाळ साचलाय म्हणून मच्छीमार ओरडतोय आणि आपण चांदण्यात डेकवर जेवायच्या गप्पा मारतोय.

भटक्या_शिडवाला:
@कोकणकन्या: होडी माझ्या शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा स्वस्तात आली, शीड ठिगळाचं आहे. गाळाचं मात्र खरं आहे, त्याच गाळात मी परवा टेकलो.

दर्यासारंग_२.०:
कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्यावर येऊन लोक विचारतायत नांगर कुठे टाकायचा!! आपल्या पूर्वजांनी इंग्रजांना पळवून लावलं ते काय गुगल मॅप बघून?

निवृत्त_डेक_ऑफिसर:
@दर्यासारंग: मुद्दा आहे, पण उलटा. आंग्र्यांची गलबतं उथळ तळाची होती. इंग्रजांची खोल जहाजं पाठीवर आली की ती सरळ खाडीत शिरायची आणि इंग्रज बाहेर घिरट्या घालत बसायचा. आपल्या शिडवाल्यांची कील बघता या गोष्टीत ते इंग्रजांच्या बाजूचे आहेत.

चहा_कमी_साखर:
😂😂 शिडवाले, गेट आऊट.

मालवणी_माणूस:
तुमी येवा, पण मालवणच्या बंदरात रातचे घुसू नकात. खडप खडपाक लागून आसा. म्हाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाक ही जागा धरली ती काय उगाच न्हय, आत येवची वाट ठावक असल्याशिवाय कोणाक येवक गावाचा न्हय म्हणान धरली. आमचे म्हातारे किनाऱ्यावरच्यो दोन खुणा एका रेषेत धरतत, नायतर थांबतत. मोबाइलवर निळा दिसता म्हणजे पाणी खोल असा समजू नकात. आणि सगळ्यात म्हत्वाचा, पोवळ्यांवर नांगर टाकू नकात. १९८७ पासून हय सागरी अभयारण्य आसा. इलास की आदी ईचारा, मगे टाका. च्याय माझी.

आंजर्ल्याची_सून:
मालवणीकाकांचं वाचून आजेसासूबाई आठवल्या. त्या लग्न होऊन मुंबईहून बोटीने हर्णैला आल्या. बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी, तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं. लाट वर आली की खलाशी ओरडायचा “सोडा बाई!” आणि हात सोडायचा, लाट खाली गेली की पडाव आणि पायात पुरुषभर अंतर. शालू नेसलेल्या, वर डोक्यावर ट्रंक धरलेला दीर. त्या म्हणायच्या की सासरी पहिलं पाऊल मी मापावर नाही, तांडेलाच्या पायावर ठेवलं.

आणि हो, तुमच्या सौ.ना बोट लागते का? आले किसून मीठ लावून वाळवून ठेवा, चघळायला. केबिनमध्ये वाकून स्वयंपाक करायला लावू नका, तिथेच लागते. बाहेर बसवा, क्षितिजाकडे बघायला सांगा, सुकाणू हातात द्या. ज्याच्या हातात सुकाणू त्याला सहसा लागत नाही, संसारात पण तसंच.

नांगरट:
मी अजून इथेच आहे. एक बावळट प्रश्न, नांगर जड असतो म्हणून होडी थांबते ना? मग २६ फुटी होडीला किती किलोचा लागतो?

निवृत्त_डेक_ऑफिसर:
@नांगरट: बावळट नाही, उलट फार चांगला प्रश्न. वजनाने थांबत नाही, रुतल्याने थांबते. तुमच्या शेतातल्यासारखंच. फाळ आडवा ओढला तर जमिनीत शिरतो, वर उचलला तर निघतो, हो की नाही? एका प्रकारच्या नांगराला तर इंग्रजीत शेतातल्या नांगराचंच नाव आहे. म्हणून साखळी भरपूर सोडायची, म्हणजे तिच्या वजनाने ती तळाशी आडवी पडते आणि ओढ जमिनीलगत राहते. चिखलात, वाळूत हा चालतो. मच्छीमारांच्या होडीवर चार दात्यांचा असतो तो खडपासाठी, तो कपारीत अडकतो.

नांगरट:
म्हणजे कासरा आखूड धरला की फाळ वर येतो. समजलं. यात एवढं इंग्रजी कशाला.

गस्तवाला:
थोडं कंटाळवाणं पण कामाचं. २६/११ चे लोक समुद्रातून, पळवलेल्या मासेमारी होडीतून आले होते, त्यामुळे अनोळखी होडी रात्री उभी दिसली की चौकशी होणारच, राग मानू नका. होडीची नोंदणी, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक मुक्कामाला सागरी पोलीस ठाण्यात फोन करून सांगा, स्वतःहून सांगितलं की माणसं चहा पाजतात. सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६ चालू ठेवा. रात्री नांगरावर असताना चारी बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा, केबिनच्या आतला नाही. किल्ल्यांवर रात्री राहता येत नाही, ‘आमचा नांगर इथेच आहे’ ही सबब चालत नाही.

आणि जानेवारी म्हणजे वादळ नाही असं धरून बेफिकीर राहू नका, रोज हवामान खात्याचा इशारा बघा. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा पावसाळा संपला म्हणून सगळे बाहेरच होते. इशारा आला तर देवगड गाठा. वादळात गुजरात-कर्नाटकच्या ट्रॉलरसुद्धा तिथेच येऊन उभ्या राहतात, काहीतरी कारण असेल ना.

कोकणकन्या_वेटिंग_४२:
आणि संडासाचं काय? कोणीच बोलत नाहीये.

चहा_कमी_साखर:
कोकणकन्या तुम्ही धाग्याला जमिनीवर आणता.

भटक्या_शिडवाला:
@कोकणकन्या: छोटा पोर्टेबल आहे, टाकी किनाऱ्यावर नेऊन रिकामी करायची. हे काम कोणाकडे, यावरच वर म्हटलेल्या अटी लागू आहेत.

(तीन आठवड्यांनी)

भटक्या_शिडवाला:
मंडळी, धागा वर काढतोय. मोठ्या प्रवासाआधी एक छोटी चक्कर करून आलो, मी आणि मित्र, दोघंच. मुरुडला राजपुरी खाडीत एक रात्र, जंजिऱ्याच्या आतल्या अंगाला, ती झकास गेली. चिखल एवढा चिकट की सकाळी नांगर वर आला तो घमेलंभर काळा गाळ घेऊन, होडीला दिवसभर खाडीचा वास. तिथून दुसऱ्या दिवशी हर्णै.

हर्णैला पोचलो संध्याकाळी पाचला, पौर्णिमा होती. मच्छीमारांच्या होड्यांपासून जरा अंतर ठेवून जागा निवडली. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर ४ मीटर. मी मनात हिशेब केला, खोलीच्या चारपाच पट म्हणजे वीस मीटर साखळी, सोडली, इंजिन उलटं टाकून ओढून बघितली, घट्ट. तांडेलाला विचारायचं होतं पण होड्यांवर कोणी दिसलं नाही (दिसले असते तरी विचारलं असतं का, खरं सांगायचं तर नसतं, आम्हाला लाज वाटत होती). खिचडी, पापड, लोणचं. चंद्र वर आला, पाणी चांदीसारखं, मित्र म्हणाला फुकेत गेलं खड्ड्यात.

अकराच्या सुमाराला मोबाइलवरचा नांगराचा अलार्म वाजला. मला वाटलं जीपीएस नाचतोय, बंद केला. हो, बंद केला. पाच मिनिटांनी बाहेरून एक शिवी ऐकू आली, अस्सल, इथे लिहिता येणार नाही. डोकं बाहेर काढलं तर एका मासेमारी होडीची नाळ (पुढचं टोक) आमच्यापासून हातभर, त्यावर बनियन-लुंगीतला म्हातारा बांबू घेऊन उभा, बांबू आमच्या होडीला टेकवून आम्हाला ढकलतोय. आम्ही नांगरासकट मागे मागे घसरत त्याच्यावर आलो होतो. इंजिन दोन वेळा फुस्स, तिसऱ्यांदा चालू. म्हातारा तेवढ्या वेळात एक शब्द न थांबता बोलत होता.

पुन्हा टाकला, या वेळी होती नव्हती तेवढी चाळीस मीटर सोडली आणि दोघं आळीपाळीने जागे राहिलो. दूरच्या दिव्याची आणि किल्ल्याच्या बुरुजाची रेघ धरून, ती हलते का बघत. पहाटे गार मतलई सुटला, होडी गर्रकन फिरली, काळजात धस्स झालं, पण नांगर धरून होता. इतका धरून होता की सकाळी निघेना. खडपात गेला होता.

शेवटी तोच म्हातारा छोट्या होडीतून आला. काही न विचारता आमच्या साखळीवरून एक दोराचं कडं खाली सोडलं, ते नांगराच्या दांड्यापर्यंत घसरवलं आणि आम्ही ज्या बाजूला ओढत होतो त्याच्या बरोबर उलट बाजूला होडी नेऊन एक हिसका दिला. सुटला. पैसे देऊ केले तर म्हणाला चहा दे. चहा पिताना विचारलं, काल किती पाण्यात टाकलेलास? म्हटलं चार मीटर. म्हणाला, “कुठच्या वेळचे चार?”

मग बोटांवर तिथी मोजून दाखवली. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, सव्वाअकराला भर पाणी. मी पाचला म्हणजे ऐन सुकतीत, पूर्ण ओहोटीला, टाकला होता.

निवृत्त_डेक_ऑफिसर:
जिवंत आहात, छान. आता हिशेब सगळ्यांसाठी. यंत्रावर ४, त्यात नाळेची पाण्यावरची उंची १, झाले ५. वीस मीटर म्हणजे चौपट, संध्याकाळच्या वाऱ्याला चालून गेलं. रात्री उधाणाचं पाणी तीनेक मीटर चढलं, ५ चे झाले ८. वीस भागिले आठ, अडीच पट. नांगरटरावांच्या भाषेत कासरा आखूड. हिशेब नेहमी भर पाण्याच्या खोलीवर करायचा, पाचपट तरी, वारा असेल तर सातपट. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवणला दोनच्या आसपास, म्हणजे दक्षिणेला जाल तसं हे दुखणं हलकं होतं.

पाऊणपटीचा हिशेब खरा आहे, वद्यात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. अष्टमीला सहा येतात, तेव्हा भांगाची भरती, पाणी कमी हलतं. नवख्याने मुक्कामाची चक्कर अष्टमीच्या आजूबाजूला बसवावी. दक्षिणेला भरती थोडी आधी येते, आणि नेमकी वेळ छापील कोष्टकातच बघायची.

खडपाची शंका असेल तर नांगराच्या डोक्याला वेगळा दोर आणि वर छोटा तरंगता डबा बांधा. म्हाताऱ्याने जे कडं टाकून केलं तेच तुम्हाला वरून करता येईल.

वेसावची_पोरगी:
अलार्म बंद केला???????

भटक्या_शिडवाला:
@वेसावची: ताई, हे घरी माहीत नाही, धागा शेअर करू नका.

आंजर्ल्याची_सून:
हर्णैतला बनियन-लुंगी, बांबू आणि अखंड बोलणं, मला अंदाज आहे कोण ते. आमच्याकडे मासळी तेच देतात. काल सांगत होते, मुंबईचे दोघे, चहात साखर नव्हती.

चहा_कमी_साखर:
मला तो मित्र भेटवा.

मालवणी_माणूस:
मगे लक्षद्वीपाचा काय झाला?

भटक्या_शिडवाला:
@मालवणी: लक्षद्वीप सध्या कपाटात. प्रवेशपरवाना लागतो ते माहीत होतं, पण तिथला तळ म्हणजे बऱ्याच ठिकाणी पोवळं, नांगर वाळूच्या मोकळ्या ठिगळावर टाकायचा आणि साखळी फिरताना पण पोवळ्यावर घासायला नको. ज्याला हर्णैत भरती-सुकतीचा हिशेब आला नाही त्याने तिथे जाऊन शंभर वर्षांचं पोवळं मोडावं असं वाटत नाही.

मालवणचा बेत मात्र पक्का. सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग दिवसा बघायचे, रात्री खाडीत. मुरुड, मग हर्णै टाळून दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. विजयदुर्गला दोन रात्री. देवगड, मग सकाळच्या उजेडात मालवण, आत यायच्या आधी मालवणीकाकांना फोन. वेंगुर्ल्याच्या खडकांवर उतरायचं नाही, तिथे पाकोळ्यांची घरटी आहेत, लांबून दीपगृह बघून परत. निघायचं अष्टमी धरून.

मित्राने मात्र अंग काढून घेतलंय. त्यामुळे एक जागा रिकामी आहे.

नांगरट:
मला पोहता येत नाही. पण फाळ रुतला की नाही ते हाताला कळतं, आणि रात्री जागायची सवय आहे, डुकरं येतात. चालेल का?

भटक्या_शिडवाला:
@नांगरट: चालेल. छातीचं माप कळवा, लाइफजॅकेट आणायचंय.